मागितलेल्या मदतीचा निर्देशांक

माणसाला माणूस लागतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. पण नेमका किती लागतो, हे दोन दशांश स्थळांपर्यंत सांगायची सोय त्यांच्याकडे नव्हती. ती उणीव कोल्हापुरातल्या एका आरोग्य संशोधन संस्थेने भरून काढली. (संस्थेचं नाव छापायला परवानगी लागते, आणि परवानगी देणारे साहेब कायम दौऱ्यावर असतात.) शेजारधर्म, ओळखपाळख, विश्वास या सगळ्याला मिळून ‘सामाजिक भांडवल’ म्हणायचं, अठ्ठावीस प्रश्न विचारायचे आणि वस्तीला शंभरपैकी गुण द्यायचे. जिथे गुण जास्त, तिथे दर बुधवारी बीपी-शुगरचा मोफत दवाखाना. जिथे लोक एकमेकांना धरून नाहीत तिथे औषधही लागू पडत नाही, असं संस्थेचं अनुमान आहे.

हा दवाखाना आजवर बोरीची तालीम गल्लीत भरत होता. तो तिथेच ठेवायचा की हलवायचा, हे ठरवणारे फॉर्म भरायला क्रांती आली. संस्थेची सर्वेक्षक, अक्षर सुरेख, आणि प्रश्न छापलाय तसाच वाचायची सवय.

पहिलं दार चिमणाबाईंचं. मांडीवर शेजारच्या नजीराचं तान्हं पोर, कमरेला समोरच्या कृष्णातच्या घराची किल्ली.

“शेजाऱ्यांवर विश्वास आहे?”

“कुणावर, ह्या कृष्णातवर? सकाळी त्याचं त्वांड बगितलं की दिवस वाया जातोय.”

शून्य.

“वर्षभरात शेजाऱ्यांकडे किती वेळा मदत मागितली?”

“मागायला आमी भिकारी हाय व्हय? पाय मोडला तवा ह्या नजीरानं म्हैनाभर न्हाऊ घातलं. पर मी कुठं मागितलं हुतं?”

पुन्हा शून्य. (न मागता मिळालेल्या मदतीला फॉर्ममध्ये रकाना नाही.)

“पोरी, बुधवारचा डाक्टर जाणार न्हाय न्हवं? शुगर लई वाडलीया माजी.”

हा प्रश्न यादीत नसल्याने क्रांतीने उत्तर दिलं नाही. त्याचं तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यालाही रकाना नव्हता.

मग कृष्णात. “कुठल्या संस्थेचे सदस्य आहात?”

“सदस्य कशाला? तालमीतलाच हाय की मी. आज्जा तालमीतला, बा तालमीतला.”

पावती नाही, क्रमांक नाही. शून्य. गल्लीतली वर्षभरातली भांडणं सत्तेचाळीस (पैकी नळावरची एकोणतीस), प्रत्येकी उणे दोन. बाकीच्या उत्तरांचे तेहतीस धरून बेरीज उणे एकसष्ट. संस्थेच्या आलेखात शून्याखाली जागाच नव्हती, तेव्हा खाली कागद चिकटवावा लागला.

याउलट शांतिसौध रेसिडेन्सी. क्रांती तिथेच राहते. व्हॉट्सॲप ग्रुपचे सदस्य दोनशे बारा, महिन्याला सुप्रभात चौदाशे, भांडणं शून्य (भांडायला ओळख लागते). ‘आजारी पडल्यास कोण येईल?’ यावर सर्वांनी ‘सर्व शेजारी’ अशी खूण केली, क्रांतीनेही. गुण शहाण्णव.

शेवटच्या दिवशी सह्या घ्यायला गल्लीत आलेली क्रांती तापाने चिमणाबाईंच्या पायरीवरच कोसळली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. नजीराने डोकं मांडीवर घेतलं, कृष्णातने रिक्षा आणली, आणि खड्ड्याखड्ड्याला चिमणाबाईंनी त्याचा उद्धार केला. डेंगू निघाला. चार दिवस गल्ली इस्पितळात बसून होती, पाळी कुणाची यावर भांडत. शांतिसौधच्या ग्रुपवर अडतीस जोडलेले हात आले, सव्वीस ‘लवकर बऱ्या व्हा ताई’, आणि एक प्रामाणिक प्रश्न: ‘ताई म्हणजे कोण?’

बरी झाल्यावर क्रांती थेट धैर्यशील सरांकडे, प्रकल्पप्रमुखांकडे गेली. “सर, त्या गल्लीचे गुण चुकलेत. त्यांनी मला मदत केली.”

“तुम्ही मागितली होती?”

“मी बेशुद्ध होते, सर.”

“म्हणजे मागितली नव्हती,” सर म्हणाले आणि दवाखाना शांतिसौधला हलवला.

पहिल्याच बुधवारी कृष्णातने चिमणाबाईंना स्कूटरवरून तिथे नेलं. वॉचमनने नियमाप्रमाणे विचारलं, कुणाकडे?

“क्रांतीकडं, पावणं,” कृष्णात म्हणाला. “आमचीच पोरगी हाय.”

क्रांती दुसऱ्या वस्तीत फॉर्म भरत होती. तिचा फ्लॅट बंद, म्हणून वॉचमनने तिच्या समोरच्या फ्लॅटला फोन लावला. उत्तर आलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. चिमणाबाई शुगर न तपासताच परत गेल्या, वाटेत तीनदा कृष्णातच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत. (भांडण क्रमांक अठ्ठेचाळीस.)

इथवर वाचून तुम्हाला शांतिसौधकरांचं हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त फॉर्ममधला अठ्ठाविसावा प्रश्न तेवढा भरून द्या: तुमच्या समोरच्या दारामागे राहणाऱ्या माणसाचं नाव काय? पाटी बघायला बाहेर जाऊ नका. तेवढ्यात ते दार उघडलं, तर तुम्ही कोण, हे सांगावं लागेल.