चेनवाल्या काकूंचं बाटलीयंत्र

ट्रकवरचं यंत्र दारातून आत जाणार नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळत नव्हतं ते उद्योगखात्याच्या साहेबांना.

"भिंत पाडा," साहेब म्हणाले.

"तुमच्या घरची आहे का?" चेनवाल्या काकू कडाडल्या. दप्तरांच्या चेनी बनवायचा तो कारखाना त्यांचा. काका हिशेबाला आणि बोलणी खायला. "आणि हे आहे तरी काय?"

"बाटल्या बनवायचं यंत्र. देशाच्या नव्या धोरणात बाटली हे भविष्य ठरलंय."

"अहो, मी चेनी बनवते!"

"आता बाटल्या बनवा."

काकूंचं डोकं भणाणलं. चार वर्षं त्या सरकारकडे एकच गोष्ट मागत होत्या, दुपारची वीज घालवू नका. वीज गेली की कापडी पट्टीवर चेनीचे दात बसता बसता यंत्रं थांबत आणि तेवढा माल कचऱ्यात जाई. दप्तरवाल्याने तर परवाच बजावलं होतं, "काकू, या महिन्यात उशीर झाला तर मी चेनी परदेशातून मागवणार. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका." तसं झालं तर कारखान्याला कुलूप आणि कामावरच्या बायका घरी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणावं, तर इथे मुळात दळणच चुकीचं आलं होतं.

"अगं, फुकट मिळतंय," काका पुटपुटले.

"फुकट? आणि भिंत कोण बांधून देणार? तुमचे तीर्थरूप?"

भिंत पडली, यंत्र आत बसलं, भिंत पुन्हा उभी राहिली. चेनीचं एक यंत्र जिन्याखाली गेलं. साहेबांनी दारावर 'भविष्यातील उद्योग : संरक्षित वास्तू' अशी पाटी ठोकली, फीत कापली, बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. समोरच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेत भांडायला आलं.

धोरणाची नाचक्की होऊ नये म्हणून साहेबांनी आठवड्याभरात जाडजूड तार ओढून दिली. कधीही न जाणारी वीज, फक्त बाटलीयंत्रासाठी! बाटल्या मात्र निघेनात. प्लास्टिक पुरवणारं खातं वेगळं होतं आणि त्या खात्याच्या मते भविष्य बाटली नसून डबा होतं.

काकूंनी यंत्राकडे रागाने पाहिलं. मग तारेकडे पाहिलं. मग वायरमनला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतले सगळे पंखे थांबले, पण काकूंची चेनीची यंत्रं खडखडत राहिली. महिन्याचा माल वेळेवर गेला. दप्तरवाल्याने पुढच्या मालाचीही मागणी दिली.

थोड्या दिवसांनी साहेब पाहणीला आले. पळणारा मीटर बघून हरखले. "वा! यंत्र जोरात दिसतंय. काही फरक पडला?"

"पडला तर! हे आल्यापासून माल वेळेवर जातोय," काकू खरं तेच बोलल्या.

"उत्तम! मग इथलं काम झालं. आता हे तारेसकट दुसऱ्या कारखान्याला देऊ. बाहेर ट्रक आणलाच आहे."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या यंत्राला रोज शिव्या घातल्या, त्याच्याच पुढे त्या हात पसरून उभ्या राहिल्या. "हात तर लावून बघा!"

"अहो, तुम्हालाच नको होतं ना?"

"नको होतं तेव्हा माझ्या गळ्यात मारलंत. आता त्याच्यावर आमची चूल पेटतेय, तर उचलून नेताय! याला धोरण म्हणता?"

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "भिंत पाडावी लागेल," ते खालच्या आवाजात म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच काका काकूंच्या आधी बोलले. "नाही पाडता येणार, साहेब. संरक्षित वास्तू आहे. पाटी तुम्हीच लावलीत. आता तुमच्याच खात्याची परवानगी लागेल."

काकूंनी नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि साहेबांपुढे खुर्ची सरकवली.

"करा अर्ज. मीही केला होता, विजेसाठी. चार वर्षं उत्तराची वाट बघतेय. बसा निवांत पंख्याखाली, इथली वीज जात नाही."