बारावा स्क्रू

एका जंगलात हवाई दल होतं. दलात विमान एकच होतं, पण दल होतं. आता जंगलात विमान कुठून आलं, असं विचारू नका, मुलांनो. सिंहाचा दरबार भरतो तेव्हा तुम्ही निमूट ऐकता. मग विमानानंच काय तुमचं घोडं मारलंय?

त्या जंगलात टोकेराव नावाचे एक साळिंदर राहत. त्यांना छोटी लढाऊ विमानं करायचा नाद होता. छोटी म्हणजे खऱ्याच्या बरोब्बर बहात्तराव्या हिश्श्याची. बाजारातून खोका आणायचा. त्यातले प्लास्टिकचे तुकडे सुटे करायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मग त्या नव्याकोऱ्या विमानावर धूर, गंज आणि तेलाचे ओघळ रंगवायचे, म्हणजे ते नुकतंच लढाईवरून आल्यासारखं दिसतं. बारीक रेघांसाठी ते स्वतःचाच गळलेला काटा वापरत.

त्यांची बायको साळूबाई. तिचं म्हणणं असं, की हे कपाटावरची खरी धूळ कधी पुसत नाहीत आणि विमानावर खोटी धूळ बसवत बसतात. तिचंही काही चूक नव्हतं. पलंगाखाली न उघडलेले खोके होते. गव्हाच्या कणगीतही खोके होते. गहू बाहेर ओसरीवर होता.

दरवर्षी जंगलात छोट्या विमानांची स्पर्धा व्हायची. पहिल्या नंबराला चांदीची ढाल. परीक्षक होते पिंगळे गुरुजी, म्हणजे एक म्हातारा पिंगळा. ते भिंग लावून बघायचे आणि त्यांचा नियम एकच होता: जसं खरं, तसं छोटं. टोकेराव सात वर्षं भाग घेत होते आणि सातही वर्षं दुसरे आले होते. एकदा हिरवा रंग किंचित पोपटी झाला. एकदा चाकाला खऱ्यापेक्षा जास्त चिखल लागला. दुसरं येणं फार वाईट, मुलांनो. शेवटी आलेला निदान घरी जाऊन सुखानं जेवतो.

यंदा सगळ्यांनी जंगलाचं स्वतःचं विमान करायचं ठरलं. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, की डाव्या पंखाखालच्या पत्र्याला बारा स्क्रू आहेत. सगळ्यांनी मुकाट बारा केले. टोकेरावांचा कागदावर विश्वास नव्हता.

साळूबाईचा भाऊ कुसाजी हाच त्या विमानाचा वैमानिक होता. तोही साळिंदरच, त्यामुळे हवाई दलाला दर महिन्याला बसायची नवी गादी लागायची. त्याच्या वशिल्यानं टोकेरावांना परवानगी मिळाली. आठ दिवस ते भिंग घेऊन त्या विमानाखाली उताणे पडून होते. आठव्या दिवशी त्यांनी स्क्रू मोजले. अकरा भरले. बाराव्याच्या जागी नुसतं भोक होतं. तीनदा मोजले, तीनदा अकराच. आनंदानं त्यांचे सगळे काटे उभे राहिले.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. आपल्या छोट्या विमानावर त्यांनी अकरा स्क्रू कोरले आणि एक भोक पाडलं. ते टाचणीच्या टोकाहून बारीक होतं. यंदा ढाल आपलीच, हे त्यांनी धरूनच ठेवलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी विमान जमा केलं आणि गुरुजींनी काचेच्या पेटीला लाख लावून मोहोर मारली.

स्पर्धा विमानतळावरच होती. आधी कुसाजी आकाशात कसरती करणार, मग गुरुजी एकेक छोटं विमान खऱ्याशी ताडून बघणार, असा बेत होता. साळूबाईनं भावाला ओवाळलं, हातावर साखर ठेवली. मग नवऱ्याजवळ येऊन म्हणाली, मला फार भीती वाटते हो, आज तो विमान उलटं करून दाखवणार आहे.

“उलटं?” टोकेराव म्हणाले.

आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. स्क्रू काहीतरी धरून ठेवण्यासाठी असतो. आजवर त्यांनी हजारो स्क्रू कोरले होते, पण त्यातल्या एकानंही कधी काही धरलं नव्हतं. म्हणून हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी टेबलावरच्या ढालीकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, बराच वेळ बघितलं. मग ते धावत सुटले.

विमानाची देखभाल झिपरे मिस्त्री नावाच्या अस्वलाकडे होती. तो चहा पीत होता. टोकेरावांनी त्याच्या कानात सांगितलं. मिस्त्रीनं पंखाखाली वाकून बघितलं. मग त्यानं खिशात हात घातला. तिथे एक स्क्रू महिनाभर पडून होता. हा कुठला, हेच त्याला आठवत नव्हतं. अर्ध्या मिनिटात त्यानं तो पिळून बसवला आणि हात जोडले.

“टोकेराव, पाया पडतो. दलाचे प्रमुख हत्तीसाहेब, त्यांना कळलं तर माझी भाकरी जाईल. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका.”

टोकेरावांनी शब्द दिला.

विमान उडालं, उलटं झालं, सुलटं झालं, सुखरूप खाली आलं. साळूबाईनं डोळे पुसले. मग गुरुजींनी भिंग काढलं.

सशाच्या विमानाच्या काचेवर गोंदाचा अंगठा उमटला होता. रंगही जरा फराटला होता. पण स्क्रू बारा होते. टोकेरावांच्या विमानापाशी गुरुजी बराच वेळ थांबले. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, काम देवासारखं आहे, पण खऱ्याला बारा आहेत आणि तुमच्याला अकरा. टोकेरावांनी तोंड उघडलं. लांबून झिपरे मिस्त्रीनं हात जोडले. टोकेरावांनी तोंड मिटलं.

ढाल सशाला मिळाली. टोकेराव आठव्यांदा दुसरे आले. बक्षीस कुसाजीच्या हस्ते होतं. ते देऊन झाल्यावर तो मुद्दाम टोकेरावांजवळ आला.

“दाजी, राग मानू नका. पण आठ दिवस माझ्या विमानाखाली झोपलात आणि तुम्हाला बारा स्क्रू मोजता येऊ नयेत? तुमचा खेळ होतो हो. आमचा तिथे जीव टांगलेला असतो.”

“ह्यांचं कशात लक्षच नसतं,” साळूबाई म्हणाली.

तात्पर्य : मेव्हण्याचा जीव वाचवायचाच असेल, तर तो आधी चारचौघांत नीट धोक्यात येऊ द्यावा. वेळेवर वाचवलेला जीव कुणालाच दिसत नाही. राहिलेला स्क्रू मात्र भिंगातून स्पष्ट दिसतो.