दुरुस्त गाडीची दुरुस्ती

डिसेंबरातली सकाळ कोपरीत खाडीकडून येते, आणि घाई न करता येते. आधी तिवरांच्या शेंड्यांवर एक फिकट, जवळजवळ राखी उजेड येऊन थांबतो. मग तो पाण्यावरून सरकत बांधावर चढतो, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या चौकोनांतून गाळला जातो, आणि दामाजी नाखवांच्या ओट्यापर्यंत पोचेतो ताकासारखा पातळ होतो. त्या दिवशीही तो तसाच आला. बोंबील वाळवायच्या रिकाम्या बांबूंवर क्षणभर रेंगाळला, पालथ्या घातलेल्या हंड्याच्या बुडाला स्पर्शून गेला, आणि शेवटी अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या काळ्या टाकीवर येऊन स्वस्थ बसला. उजेडाला पुढचे काही ठाऊक नसते, म्हणून त्याला असे स्वस्थ बसता येते, असे दामाजींच्या मुलाला, रतनला, वाटले. रतनला मात्र पुढचे ठाऊक होते. थोड्याच वेळात टेरेन्स येणार होता, आणि दोघे गोव्याला निघणार होते.

टेरेन्स कोलशेतचा. दोघे एकाच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. टेरेन्सला मस्कतची नोकरी लागली होती. पण त्याच्या आईने, थेल्माबाईंनी, नवस बोलला होता की पोरगा आधी जुन्या गोव्याला जाऊन मेणबत्ती लावील, मगच विमानात बसेल. आणि टेरेन्सने जाहीर केले होते की गोव्याला जाईन तर रतनच्या मोटारसायकलवरून, नाहीतर नाही. अशा रीतीने टेरेन्स आणि मस्कत यांच्यामध्ये ही साडेतीनशे सीसीची जुनी गाडी उभी होती.

गणपतीनंतर निघायचे ठरले, तेव्हा रतनला क्लच घसरल्यासारखा वाटला. त्याने तो उघडला, आणि बेत रद्द झाला. दिवाळीनंतर चेन सैल वाटली. त्याने ती इतकी घट्ट केली की तिठ्यावरच तुटली. आता जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे तिथल्या चर्चचा वार्षिक उत्सव, तोंडावर आले होते. आणि गाडीत आवाज येत होता.

"बाबा, नीट ऐका. टिक, टिक, टिक. येतोय ना?"

दामाजींनी चालू इंजिनाला कान लावला. त्यांची उभी हयात होडीच्या इंजिनाशेजारी गेली होती.

"मना तं काय ऐकू येत नाय."

"तुम्हांला आईची हाक तरी कुठे ऐकू येते?"

"ती येते. ओ देत नाय, ती गोष्ट येगली."

रतनने गाडी बंद केली. आवाज टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा ढकलणाऱ्या दांड्यांचा असणार, असे त्याने मनाशी ठरवले आणि बाजूचे झाकण उघडले. झाकणाखालचे बुचाचे पॅकिंग वर्षानुवर्षे तिथे निमूटपणे बसलेले होते. त्याला उजेडाची सवय नव्हती. ते दोन तुकडे होऊन त्याच्या हातात आले.

"आता ऑइल गळणार," रतन म्हणाला. "रविवार आहे. पॅकिंग कुठे मिळणार?"

"गळती ना? मंग त्याच्यात काय!" दामाजींचा चेहरा उजळला. गळणे हा त्यांचा विषय होता. "अख्खी होडी खाडीत तरंगवतो मी. तुजी डबी काय चीज हाय!"

ते आत गेले आणि कापसाची वात, राळेचे खडे व तेलाची बाटली घेऊन आले. होडीच्या फळ्यांच्या फटींत भरतात तसे ते मिश्रण कढवण्यासाठी त्यांनी चूल पेटवली. तोवर रतनने टॅपेट घट्ट केले. आवाज मुळीच उरू नये म्हणून जरा जास्तच घट्ट केले. दामाजींनी झाकणाच्या कडेने राळ भरली, अंगठ्याने दाबली, आणि उरलेली प्रेमाने इंजिनाच्या पात्यांवरही फासली.

रतनने किक मारली. एरवी पायाला झटका देणारी किक कसलाही विरोध न करता खाली गेली. त्या नम्रतेचीच त्याला भीती वाटली. त्याने पुन्हा मारली, पुन्हा मारली. पेट्रोलचा वास ओटाभर पसरला.

"प्लग भिजला," तो पुटपुटला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून शेवंतीबाईंचा आवाज आला. "रतन्या, ह्यो काय ठेवलास माज्या तव्यावर?"

"प्लग आहे, आई. तापवला की ठिणगी चांगली पडते."

"नि भाकरी?"

"भाकरीला कडेला जागा आहे की."

शेजारच्या आवडाबाई टोपली घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "शेवंते, पोराचं लगीन कर गो. आज पलग ठेवला, उंद्या नळकांडा ठेवल तव्यावर."

तापलेला प्लग बसवूनही गाडी सुरू झाली नाही. मग रतनने कार्बोरेटर उघडला. मासळी धुवायच्या परातीत त्याचे भाग ओळीने मांडले. मांजर आशेने आले, प्रत्येक भाग हुंगून पाहिला, आणि त्या घरावरचा विश्वास उडाल्यासारखे निघून गेले. रतनचे हात काळे झाले होते. त्याच्या मनात एक वाक्य तयार होत होते, 'आज काही जमेल असं वाटत नाही, टेरेन्स.' ते वाक्य दुःखाचे होते. तरीही ते जुळवताना आपल्याला बरे का वाटते आहे, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

तेवढ्यात खांद्याला बॅग लटकवून टेरेन्स आला. त्याने परात पाहिली, राळेने माखलेले इंजिन पाहिले, आणि ओट्यावर बसून घेतले.

"काकी, भाकरी आहे काय?"

"हाय, पन करपलीय. पेट्रोल बी लागलंय."

"चालेल. लांब जायचंय." त्याने सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर तुकडा मोडला. "बोल रे. काय काय उघडलंस?"

रतनने सगळे सांगितले.

"उघडायच्या आधी चालत होती?"

"चालत होती. पण आवाज..."

"मग होतं तसं कर ना, यार. तू पेन्सिलीला टोक काढायला बसतोस, तेव्हा पण शेवटी नुसतं टोकच उरतं."

रतनने कार्बोरेटर जोडला. राळ खरवडून झाकण काढले आणि टॅपेट पूर्वीसारखे सैल केले. दामाजींनी नव्या उत्साहाने पुन्हा राळ भरली. टेरेन्सने हात पुसून किक मारली. गाडी धडधडत सुरू झाली, जणू मधल्या साऱ्या प्रकाराशी तिचा काही संबंधच नव्हता.

इंजिन तापले तशी पात्यांवरची राळ वितळली, आणि धुपाचा दाट, सुगंधी धूर अंगणभर पसरला. आवडाबाईंनी टोपली खाली ठेवून हात जोडले.

"देवलात आल्यावानी वाटतंय गो!"

"एक थेंब गलला तं सांग," दामाजी म्हणाले. "मस्कतलाबी जाशील हिच्यावरना."

"मम्मी तर एकदम खूश होईल," टेरेन्स खोकत म्हणाला. "गोव्यापर्यंत गाडीच धूप घालत जाणार."

रतन हसला नाही. तो इंजिनाशी वाकला होता. "तो बघ. टिक, टिक. अजून येतोय. टेरेन्स, घाटात काही झालं तर? आज नको. पुढच्या महिन्यात नीट बघून घेऊ."

टेरेन्सने क्षणभर ऐकले. मग हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन थांबले. धूर तेवढा तरंगत राहिला.

"आता?" त्याने विचारले. "आता येतोय आवाज?"

रतनने प्रामाणिकपणे कान दिला.

"येतोय," तो म्हणाला.

दामाजींनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग ते पुढे झाले, बंद इंजिनाला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "हां. आता मनाबी येतो जरासा."

टेरेन्स बॅगेचा पट्टा उगाच सैल-घट्ट करू लागला. "रतन, मम्मीचा नवस फिटला रे."

"कधी?"

"दिवाळीनंतर. तिने तिकडच्या फादरना मनिऑर्डर केलेली. त्यांनीच मेणबत्ती लावली. उत्तर पण आलेलं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच आलेलो. तू चेन जोडत होतास. एवढा मन लावून जोडत होतास, की माझ्याच्याने बोलवलं नाही."

"आणि मस्कत?"

"तिकीट आलंय. वीस तारखेचं."

"मग आता गोव्याला कशाला जायचं?"

"कशाला म्हणजे? तुझ्याबरोबर जायचंय म्हणून. बस आता."

शेवंतीबाईंनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. आवडाबाईंनी गाडीच्या दिव्याला हळद लावली. टेरेन्स मागे बसला आणि त्याने रतनच्या खांद्यावर हात ठेवला. रतनने किल्ली फिरवली, डोळे मिटले आणि किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

तिला काहीही झालेले नव्हते. झाले होते ते एवढेच, की टेरेन्स जाणार होता.