वाढते तापमान : कारणे दाखवा

आवकरावांच्या डोक्यावरचा पंखा बंद पडून पाच महिने झाले होते. वजनमापे कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, त्याला नंबर द्यायचा आणि तो आवक नोंदवहीत चढवायचा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. त्यामुळे खरं नाव कधीच मागे पडून सगळे त्यांना आवकराव म्हणत. पंखा दुरुस्त करावा असं पत्र त्यांनीच लिहिलं होतं, त्याला जावक नंबर त्यांनीच दिला होता, आणि ते पत्र चार टेबलं फिरून परत आलं तेव्हा आवक नंबरही त्यांनीच दिला होता. पंख्याने मात्र या पत्रव्यवहाराची दखल घेतली नव्हती.

टेबलामागे एक खिडकी होती, पण ती उघडायची सोय नव्हती. साहेबांच्या खोलीतल्या एसीचं धूड बाहेरून त्या खिडकीला खेटून बसवलेलं होतं. खिडकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत यायचा, आणि बंद ठेवली तरी काचेतून धग लागायचीच. साहेब जितके गार होत तितके आवकराव तापत. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते रोज रद्दीतला एक पाठकोरा कागद घेत, त्याला बारीक घड्या घालत, खाली रबरबँड लावत, आणि डाव्या हाताने वारा घेत उजव्या हाताने शिक्के मारत.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. एकतीस वर्षांत त्यांना एकदाही कारणे दाखवा नोटीस आली नव्हती आणि त्यांच्या नोंदवहीत एकही खाडाखोड नव्हती. नव्या माणसाच्या हातात वही देताना "बघा, एक काट सापडते का" असं म्हणायचं, एवढीच त्यांची हौस. माणसाला काहीतरी हौस असावी.

त्या गुरुवारी टपाल आलं तेव्हा कालचा कागदी पंखा घामाने लिबलिबीत झाला होता. आवकरावांनी पत्रांच्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, कारण टाचण्या मिळत नसत. मग हाताला लागला तो पाठकोरा कागद ओढून त्याचा नवा पंखा केला आणि नोंदी करायला बसले. तिसऱ्या पत्रापाशी त्यांचा शिक्का हवेतच थांबला. पत्र मुख्यालयाचं होतं.

'विषय : वाढते तापमान – कारणे दाखवा. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, गेल्या काही वर्षांत तापमानात चिंताजनक वाढ झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वाढ मानवनिर्मित आहे की नैसर्गिक, तसेच त्यास जबाबदार कोण, याबाबत आपल्या कार्यालयाने आपली बाजू येत्या सोमवारी'

एवढ्यावर पान संपलं होतं. आवकरावांनी नोंद केली, 'पाने : एक', आणि कागद साहेबांपुढे नेऊन ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. एसी चालू असून त्यांच्या कपाळावर घाम आला.

"यात क्रियापद कुठंय?"

"वरून आलेल्या पत्राला क्रियापद लागत नाही साहेब," बाजारातले तराजू तपासत फिरणारे निरीक्षक अनुभवाने म्हणाले. "ते आपण समजून घ्यायचं असतं."

"आणि सही?"

"सही नाही म्हणजे प्रकरण फारच वर गेलेलं दिसतंय."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली. बैठकीला निरीक्षक होते, टंकलेखिका बाई होत्या, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहायला आवकराव.

"मुळात तापमान वाढलंय असं म्हणतो कोण?" निरीक्षकांनी सुरुवात केली. "हे चक्र असतं. थंड, उष्ण, थंड, उष्ण. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी चालताना पायांना चटके बसायचे."

"आजोबांना चपला नसतील," बाई म्हणाल्या. बाई रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. "शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलंय. हा सगळा आपल्या धुराचा प्रताप आहे. तुमची ती जीप घ्या. समोरच्या दुकानात जायलासुद्धा सुरू होते."

"एका जीपने जग तापतं?"

"प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणूनच तापतं!"

"मग तुमच्या टेबलावरचा तो दिवा? भर दुपारी कशाला लागतो?"

"भांडू नका!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "जग कशाने तापलं ते जग बघून घेईल. आपल्याला आपल्या ऑफिसपुरतं उत्तर द्यायचंय. अहो, वजनमापेवाले ना आपण? मग मोजा की!"

द्रवमापं तपासताना लागणारा तापमापक कपाटात होता. तो घेऊन सगळी वरात खोल्याखोल्यांतून फिरली. साहेबांची खोली : बावीस. बाईंची खोली : एकतीस. आवकरावांचं टेबल : अडतीस. यावरून निरीक्षकांनी तिथल्या तिथे दोन निष्कर्ष काढले. पहिला असा, की साहेबांची खोली तापमान वाढवत नसून उलट कमी करते आहे, त्याबद्दल साहेबांचं अभिनंदनच व्हायला हवं. दुसरा निष्कर्ष काढताना सगळे आवकरावांकडे बघू लागले.

"आवकराव," साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही इथं नेमकं करता काय?"

"शिक्के मारतो साहेब."

"शिक्के मारून अडतीस?"

आवकरावांच्या मागे खिडकी होती. खिडकीमागे एसी घरघरत होता. ते म्हणाले, "साहेब, त्या खिडकीच्या मागे..."

"खिडकीच्या मागे काय?" साहेबांचा आवाज चढला.

आवकरावांच्या डोळ्यांपुढे निवृत्तीचे दोन महिने आले, बिनखाडाखोडीची वही आली. "काही नाही साहेब," ते म्हणाले.

तेवढ्यात बाईंना वाटलं, बिचाऱ्या आवकरावांना वाचवावं. त्यांनी पलीकडच्या भिंतीवर हात ठेवला. भिंतीपलीकडे मागचा वऱ्हांडा होता आणि वऱ्हांड्यात चहाच्या मावशींची शेगडी. अठरा वर्षं ती तिथेच होती. "या भिंतीला शेगडी लागून आहे बरं का," बाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच ते आवडलं नसावं, कारण त्यांनी हात चटकन काढून घेतला. पण निरीक्षकांनी धागा पकडला होता. शेगडी! ज्वाळा! धूर! आणि विशेष म्हणजे मावशी कार्यालयाच्या आस्थापनेवर नव्हत्या, त्यामुळे दोषी ठरवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी असा जवळ राहणारा असावा.

मावशींना बोलावून साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पदराला हात पुसत शेवटपर्यंत ऐकलं.

"माझ्या शेगडीने तापमान वाढलं?" मावशी म्हणाल्या. "अहो साहेब, तिच्यावर साधं आधण यायला अर्धा तास लागतो. एवढी धग असती तर तुमचा चहा कधी वेळेवर नसता आला?"

पण उत्तराचा मसुदा तयार झाला. 'सदर तापमानवाढ मानवनिर्मित असून सदर मानव चहा करतो. शेगडी सोमवारपासून हटविण्यात येत आहे.' आवकरावांनी तो मुकाट्याने उतरवून घेतला. शेगडीकडची भिंत गार असते हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी असह्य झालं की ते तिलाच पाठ लावून बसत. त्यांना स्वतःची लाज वाटली. साठीला आलेल्या माणसाला वाटावी तितकी वाटली.

शुक्रवारी मावशींनी नेहमीसारखा त्यांच्या टेबलावर चहा ठेवला. वर बशी झाकलेली, साखर कमी.

"आवकदादा, ते पत्र तुम्हीच लिहिणार ना? एक करा. माझं नाव जरा बारीक अक्षरात लिहा. माझी सून कुठं नोकरीला लागली, तर तिला याचा त्रास नको."

आवकरावांनी तो चहा बशीने परत झाकून ठेवला.

रविवारी सकाळी बायको आठवड्याचे शर्ट धुवायला काढत होती. खिसे तपासल्याशिवाय ती शर्ट भिजवत नसे. गुरुवारच्या शर्टातून तिने कागदी पंखा बाहेर काढला.

"अगं, टाकू नकोस. चांगला कडक कागद आहे. उद्या कामाला येईल."

"एवढा गुळगुळीत कागद रद्दीत?" तिने रबरबँड काढून घड्या उलगडल्या. "यावर सही आहे, गोल शिक्का आहे. ऐका. 'मांडण्याकरिता दोन वक्ते पाठवावेत. एक वक्ता मानवनिर्मित या बाजूने बोलेल, दुसरा नैसर्गिक या बाजूने. सदर वादविवाद स्पर्धा सार्वजनिक असून विजेत्या कार्यालयास ढाल देण्यात येईल. चहाची सोय आहे.' मांडण्याकरिता? काय मांडण्याकरिता? सुरुवातच नाही याला."

आवकराव खुर्चीतून उठले आणि परत बसले. "आपली बाजू," ते म्हणाले. "आपली बाजू येत्या सोमवारी मांडण्याकरिता."

"म्हणजे?"

"म्हणजे क्रियापद माझ्या खिशात होतं."

त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बायको आधी पदर तोंडाला लावून हसली. "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. सगळं ऑफिस उकाड्याचं कारण शोधतंय आणि तुम्ही त्याच पत्राने वारा घेताय!" मग मावशींचं ऐकून तिचं हसणं थांबलं. "आता हो?"

"पान शनिवारच्या टपालात उशिरा आलं असं दाखवता येईल. शनिवारच्या पानावर शेवटी एक ओळ मोकळी आहे. कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल की," बायको म्हणाली, आणि शर्ट भिजवायला आत गेली.

सोमवारी आवकराव सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. वही उघडून त्यांनी शनिवारची ती मोकळी ओळ बराच वेळ पाहिली. मग पानं मागे उलटून गुरुवारवर आले. पट्टी ठेवली, लाल शाईचं पेन घेतलं आणि 'एक'वर काट मारून वर 'दोन' लिहिलं, शेजारी सही केली. एकतीस वर्षांतली पहिली खाडाखोड. रेघ मात्र एकदम सरळ आली होती.

साहेब येताच त्यांनी घड्या पडलेलं पान पुढे ठेवलं. "गुरुवारच्या पत्राचं दुसरं पान साहेब. चूक माझी. मी याचा पंखा केला होता."

साहेबांनी वाचलं. आधी त्यांचा चेहरा उजळला, कारण सुंठीवाचून खोकला गेला होता. मग त्यांना आठवलं, की चार दिवस आपण झोपलेलो नाही, आणि चेहरा लाल झाला. "पंखा? मुख्यालयाच्या पत्राचा पंखा?"

"हो साहेब. आणि मावशींची शेगडी..."

"राहू दे ती शेगडी! स्पर्धा किती वाजता आहे?"

वक्ते शोधायची गरजच पडली नाही. निरीक्षक आणि बाई गुरुवारपासून तयारच होते. दोघं एकाच जीपमधून निघाले आणि फाटकाबाहेर पडण्याआधीच जुंपले. ढाल दुसऱ्याच कुठल्या कार्यालयाला गेली म्हणतात. स्पर्धेच्या ठिकाणी पोचेपर्यंत दोघांचेही घसे बसले होते.

पण नियम तो नियम. मंगळवारी आवकरावांच्या टेबलावर एक पाकीट आलं. 'विषय : कारणे दाखवा. शासकीय पत्राचा वारा घेण्यासाठी वापर का केला, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' आवकरावांनी पाकीट नीट फोडलं, टाचणी काढून डबीत ठेवली, शिक्का मारला, नंबर दिला. पाने मोजली. एक. पुन्हा मोजली. मागच्या वऱ्हांड्यात मावशींची शेगडी फुरफुरत होती. त्यांना वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. त्यांनी सात दिवस न घेता पाच मिनिटांतच उत्तर लिहिलं, त्यालाही नंबर दिला आणि आत पाठवून दिलं.

पुढच्याच मिनिटाला साहेब ते उत्तर हातात घेऊन तरातरा बाहेर आले.

"हा काय खुलासा झाला? 'कारण : उकाडा.' बस? एक शब्द? सविस्तर लिहायला काय झालं होतं?"

"सविस्तर लिहिता येण्यासारखं नाही साहेब." आवकराव उठून उभे राहिले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. "जरा बसता का इथं?"

साहेब रागारागाने बसले. "नियम सतरा सांगतो, की खुलासा हा कारणमीमांसेसह..." असं म्हणून त्यांनी मानेवरचा घाम पुसला. "कारणमीमांसेसह..." कॉलरचं बटण काढलं. पाठीमागे काचेबाहेर त्यांचाच एसी घरघरत होता. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. मावशी चहा घेऊन आल्या, त्या दारातच थांबल्या.

हातातला कागद कधी हलायला लागला ते साहेबांना कळलंच नाही. आधी हळूहळू, मग चांगला जोरात.

आवकरावांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग ते अगदी अदबीने, खालच्या आवाजात म्हणाले,

"साहेब, त्या कागदाला नंबर पडलाय."