कासाडीचा हिरवा रकाना

आधार देणे हे पुण्याचे काम आहे, आणि ज्याला आधार द्यायचा तो समोर नसेल तर ते फार शांतपणे पार पडते. मोठमोठ्या संस्था याच तत्त्वावर उभ्या आहेत. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या कारखान्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर असलेले सर्वसमावेशक संगणक प्रणाली मंडळही याच तत्त्वावर उभे होते. (खाली पंपांची चाचणी सुरू झाली की ते थोडे हलायचे, पण उभे असायचे.)

मंडळाने 'समभाव' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणक सुरू केल्यावर सर्वांच्या आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना कामाला जुंपणारा प्रोग्रॅम. आता संगणकात प्रत्यक्ष राबतो तो प्रोसेसर, आणि सगळे प्रोसेसर काही एका घरातले नसतात. प्रत्येक घराण्याची हुकूम ऐकायची बोली वेगळी, खोडी वेगळ्या, रुसायची कारणे वेगळी. एकाला समजणारा हुकूम दुसऱ्याच्या कानात नुसता खडखडाट. म्हणून ज्या घराण्यावर सिस्टिम चालवायची, त्या घराण्याची बोली तिला आधी शिकवावी लागते. मंडळाच्या भाषेत, त्या घराण्याला आधार द्यावा लागतो. (घराणी म्हणायचे, असा मंडळात संकेत होता. कोणी चुकून प्रोसेसरच्या जाती म्हणाले की बैठकीत सगळ्यांना एकदम खोकला यायचा. जात हा शब्द मंडळी फक्त घरी वापरत.)

'प्रोसेसर कोणताही असो, समभाव त्याला आपला मानतो' हे मंडळाचे ब्रीद. ते मंडळाच्या दारावर होते, चहाच्या मगांवर होते आणि संचालिका सरोजिनी मॅडमच्या गाडीच्या मागच्या काचेवरही होते. समभाव पाच घराण्यांना आपले मानत असे. परदेशी नावे घेताना भाषणात जीभ अडखळते म्हणून त्यांना आसपासच्या नद्यांची नावे दिली होती. उल्हास, जो सगळ्यांच्या टेबलावर असतो. पाताळगंगा, जी सगळ्यांच्या मोबाइलात असते. मग गाढी, काळू आणि शेवटचा कासाडी, जो कोणाकडेच नसतो. मंडळाच्या संकेतस्थळावर एक तक्ता होता. त्यात प्रत्येक घराण्यापुढे एक रकाना, चालत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. पाचही हिरवे. एवढी हिरवाई जगातल्या दुसऱ्या कुठल्याही तक्त्यात नाही, असे मंडळाच्या पाहणीत आढळून आले होते. (पाहणीत दुसरे तक्ते पाहिलेले नव्हते.)

प्रत्येक घराण्याला एक पालक अधिकारी असे. नियम साधा होता. दोष नोंदवला की रकाना लाल, रकाना लाल झाला की आधार बंद, आधार बंद झाला की पालकाचे पद रद्द. या नियमामुळे मंडळाच्या इतिहासात एकही दोष नोंदवला गेला नाही. यालाच गुणवत्ता म्हणतात.

कासाडीचा पालक होता जयप्रकाश. कॉलेज अर्ध्यावर सुटलेले, बाकीचे सगळे स्वतःचे स्वतः शिकलेला. डिग्रीवाल्यांचा त्याला मनस्वी राग होता. राग बरोबरच होता, पण नुसता राग आला म्हणून माणूस शिकलेला होत नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कासाडीचे नाव ऐकून डिग्रीवाले पळाले तेव्हा मंडळाने त्याला घेतले. तो आला, बसला, आणि त्या खुर्चीत इतका मुरला की खुर्ची त्याच्या आकाराची झाली. ही खुर्ची गेली असती तर नव्या मुंबईत त्याला दुसरी कोणीच दिली नसती. कासाडीला पोसणारे दुसरे कोणी नव्हते, आणि जयप्रकाशला कासाडीशिवाय काही येत नव्हते.

मंडळाकडे कासाडीचे यंत्र नव्हते. खरेदीचा प्रस्ताव गेला होता. खरेदी समितीने विचारले, हे यंत्र आपल्या सिस्टिमवर चालते याचा पुरावा जोडा. पुरावा यंत्र आल्यावर मिळणार होता. प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

मग जयप्रकाशने एम्युलेटर लिहिला. एम्युलेटर म्हणजे नकलाकार. साध्या उल्हास संगणकाच्या पोटात बसून 'मीच कासाडी' अशी बतावणी करणारा प्रोग्रॅम. कासाडीची जाडजूड पुस्तिका जयप्रकाशने पुढ्यात घेतली. जिथे ती समजली तिथे पुस्तिकेबरहुकूम आणि जिथे नाही समजली तिथे स्वतःच्या स्वभावाबरहुकूम त्याने हा नकलाकार घडवला. स्वभाव गोड होता. घरी भाजीत मीठ नसले तरी चालतं, असले तरी चालतं, भाजीच नसली तरी वरण आहे ना, असा. मग त्याने कासाडीच्या बोलीतला समभाव लिहिला आणि नकलाकारापुढे ठेवला. नकलाकार म्हणाला, उत्तम. पेपर काढणारा जयप्रकाश, लिहिणारा जयप्रकाश, तपासणारा जयप्रकाश. पहिला नंबर आला.

"अहो, पण तो कासाडी दिसतो कसा?" बायकोने, ईश्वरीने, एकदा विचारले होते.

"दिसायचं काय त्यात? आधार देतोय मी त्याला."

"न बघता?"

"बघून कुणीही देईल," जयप्रकाश म्हणाला. ईश्वरीने वरण वाढले.

अशी सहा वर्षे गेली, आणि एका सकाळी खरा कासाडी मंडळाच्या जिन्यावरून वर आला. तो देवजीच्या खांद्यावर होता. देवजी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डाचा गेटवाला, उलव्याच्या बाजूच्या जुन्या गावातला. त्याच्यापुढे संघप्रिया चालत होती. यार्डाची संगणक यंत्रणा ती सांभाळायची.

"खय... कुठं ठेवू ही पेटी? लई जड हाय," देवजी म्हणाला.

यार्डाने गेटसाठी कासाडीची यंत्रे घेतली होती. कंटेनरचा नंबर वाचायचा आणि दांडा वर करायचा, एवढेच त्यांचे काम. यंत्रे घ्या असे लिहून संघप्रियाने दिले होते, मंडळाचा हिरवा रकाना बघून. (तक्ता वाचून कोणी खरोखर काही विकत घेईल, अशी शक्यता मंडळाने कधी गृहीत धरली नव्हती.)

जयप्रकाशने यंत्राकडे पाहिले. सहा वर्षे ज्याचा पालक होता, तो हा. करड्या रंगाचा डबा, एका कोपऱ्यात पोचा. त्याला वाटले होते त्यापेक्षा बुटका. त्याने समभाव घातला, बटण दाबले. पडद्यावर 'समभाव आपले स्वागत करीत आहे' अशी ओळ उमटली आणि पडदा काळा झाला.

"बंद पडलं, सर."

"बंद नाही. विचार करतंय."

"आमच्या गेटवर पण असाच विचार करतंय. बाहेर ट्रेलरची लाइन लागलीय. ड्रायव्हर लोक खाली उतरून माझ्या नावानं शिव्या घालतायत."

"दांडा मीच वर करतो रस्सीनं," देवजी म्हणाला आणि तळहात पुढे केले. "ह्ये बघा फोड."

जयप्रकाशने तळहात पाहिले, सहानुभूतीने मान हलवली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. ते पुन्हा विचारात पडले. वेळ काढायला त्याने विचारले, "रोज कुठून येता?"

"नेरूळ. आता घणसोलीत घर बघतेय भाड्यानं. आईचे गुडघे गेलेत, लिफ्टवालं पाहिजे. पण ब्रोकर आधी पूर्ण आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग फोनच उचलत नाही."

जयप्रकाश खरोखर चिडला. "काय लोक असतात! आमच्या सोसायटीत या हो तुम्ही. घणसोलीतच आहे, मी सेक्रेटरी आहे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे, लिफ्टही आहे. आमच्याकडे कुणीही चालतं."

संघप्रियाने एकदा काळ्या पडद्याकडे पाहिले. "असं?" ती म्हणाली.

दुपारच्या चहापर्यंत जयप्रकाशला दोष सापडला. (तो हुशार होता. ही कथा त्याच्या हुशारीबद्दल नाही.) संगणकाच्या स्मृतीत ओळीने घरे असतात आणि एक मोठा आकडा चार घरे व्यापून बसतो. कासाडीचा कडक नियम असा, की आकडा उचलायचा तर ठरलेल्या घरापासूनच उचलणार. भलत्याच घरापासून उचल म्हणालात तर तो काम टाकून देतो. पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत होते. ठळक अक्षरे जयप्रकाशने नंतर निवांत वाचायला ठेवली होती. त्याच्या नकलाकाराला मात्र कुठल्याही घरापासून उचल म्हटले तरी चालत असे. त्यामुळे समभाव सहा वर्षे भलत्याच घरांतून आकडे मागत होता, आणि नकलाकार चालतं चालतं म्हणत देत होता.

"सापडलं!" जयप्रकाश ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खऱ्या प्रोसेसरची खोड पकडली होती. "दोन-तीन दिवसांचं काम आहे. करून देतो!"

देवजीने सुटलो म्हणत हात जोडून कपाळाला लावले. संघप्रियाने यार्डात फोन करून सांगितले, दोन-तीन दिवस. ती दोघे यंत्र तिथेच ठेवून गेली आणि जयप्रकाशला नियम आठवला. दुरुस्ती करायची तर दोष नोंदवावा लागेल. दोष नोंदवला की रकाना लाल. रकाना लाल की आधार बंद, त्याचे पद रद्द. आणि ज्या घराण्याचा आधार बंद, त्याची दुरुस्ती करायला मंडळात मनाई. म्हणजे दुरुस्तीचे पहिले पाऊल टाकले की दुरुस्ती अशक्य. तो घामाघूम होऊन सरोजिनी मॅडमकडे गेला.

मॅडम शांत होत्या. "मला एक सांगा. तुमचा नकलाकार उत्तीर्ण आहे ना?"

"हो, मॅडम."

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि हे यंत्र कधी आलं?"

"आज सकाळी."

"मग अनुभवी कोण, जयप्रकाश?"

समिती बसली. खाली पंपांची चाचणी सुरू असल्याने सह्या थोड्या नागमोडी झाल्या, पण निष्कर्ष सरळ होते. समभाव निर्दोष आहे. नकलाकार हा मंडळाने मान्य केलेला कासाडीचा अधिकृत नमुना आहे. सदर यंत्राचे वर्तन अधिकृत नमुन्याशी जुळत नाही, सबब ते कासाडी आहे असे मानता येत नाही. तथापि मंडळाचे धोरण सर्वसमावेशक असल्यामुळे यंत्राला नाकारण्यात आलेले नाही. त्याने आपल्या वर्तनात योग्य ते बदल केल्यास समभाव त्याचे स्वागतच करील.

यार्डाची अडचण मंडळाने माणुसकीच्या नात्याने सोडवली. तिसऱ्या दिवशी संघप्रिया आणि देवजी आले तेव्हा जयप्रकाशने उपाय समजावून सांगितला. यार्डाने साधी उल्हास यंत्रे घ्यावीत आणि त्यांवर नकलाकार चालवावा.

संघप्रियाने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे उल्हासच्या पोटात खोटा कासाडी, त्याच्या पोटात समभाव आणि त्याच्या पोटात आमचं गेट?"

"बरोबर."

"आणि दांडा वर कधी जाणार?"

"जाईल. जरा दमानं जाईल."

"आणि खरा कासाडी?"

"तो शोभेला ठेवता येईल. रंग चांगला आहे."

"सर," संघप्रिया म्हणाली, "तुम्ही परवा 'करून देतो' म्हणालात. सगळं सोडा. दुरुस्त होतं की नाही होत, तुमच्या तोंडानं सांगा. माझी नोकरी आहे त्याच्यावर."

होत होते. दुरुस्ती जयप्रकाशच्या डोक्यात ओळीन् ओळ तयार होती. सहा वर्षांत त्याच्या हातून एक तरी खरे काम झाले असते, तर ते हेच. त्याने आपल्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. हात अचूक बसला.

"दोष यंत्रातच आहे, मॅडम," तो संघप्रियाला म्हणाला.

देवजीने काही न विचारता पेटी खांद्यावर घेतली. "चला ताई. आपल्याकडं रस्सी हाय."

दारापाशी संघप्रिया थांबली. "आणि त्या फ्लॅटचं?"

"हां, ते." जयप्रकाश खुर्चीत सरळ झाला. "सोसायटीच्या कमिटीपुढं ठेवलं मी. कुणाची काहीच हरकत नाही. फक्त लोक विचारत होते, घरात काय शिजतं, चौदा एप्रिलला गर्दी वगैरे होते का, भिंतीवर बाहेरून दिसेल असं काही लावणार का. एवढंच. तेवढं जरा जुळवून घेतलंत, तर स्वागतच आहे तुमचं."

"तुमच्या नकलाकाराला द्या तो फ्लॅट," संघप्रिया म्हणाली. "कुरकुर करणार नाही."

जिन्यावर देवजीचे मोठ्याने हसणे बराच वेळ ऐकू येत राहिले.

पुढे सगळे सुरळीत झाले. संघप्रियाकडून यार्डाने खुलासा मागवला. दांडा अजून देवजीच वर करतो. मंडळाच्या वर्धापनदिनी जयप्रकाशला शाल मिळाली. कासाडीचा रकाना हिरवाच आहे, खाली बारीक अक्षरांत 'प्रत्यक्ष यंत्रे वगळून' एवढीच ओळ वाढली आहे. घणसोलीचा फ्लॅट रिकामा आहे आणि त्याच्या दारावर 'सर्वांचे स्वागत' अशी पाटी आहे.

तुम्ही जयप्रकाशला हसलात, ते ठीकच आहे. आपल्याकडे असले काही नाही, आपण कुणालाही आपले मानतो. हे म्हणणे खोटे मुळीच नाही, वर्षानुवर्षे तपासून पाहिलेले आहे. मनातल्या मनात एक परका माणूस येतो. आपण त्याला आत घेतो, पाणी देतो, जेवून जा म्हणतो. तो चपला नीट लावतो, आवाज चढवत नाही, सुकट भाजत नाही, भिंतीवर फोटो लावलाच तर लहानसा लावतो आणि निघताना आपले आभार मानतो. इतक्या वर्षांत तो एकदाही बंद पडलेला नाही. तो कोणी लिहिला, हे विचारायचे कारण नाही.

बेल वाजते आहे, ती तुमच्याच दाराची. उठू नका. तपासणी केव्हाच पूर्ण झालेली आहे.