वजन पुढं, वयनी!

बाळारामभाऊंनी मला सांभाळलं, हे आधी सांगते, बाकीचं मग. त्यांच्यामुळे माझा संसार उलथला नाही. रस्त्यावर तर तो होताच.

मी बीडकडची. सहावीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्यामागे मुरबाडला रस्त्याच्या कामावर स्वयंपाकाला आले. ठेकेदाराने राहायला चाकांवरची पत्र्याची खोली दिली होती. काम सरकलं की खोली पिकअपला जोडून पुढच्या मुक्कामी न्यायची. नेणारे बाळारामभाऊ, टोकावड्याचे.

या माणसाला जगात एकच गोष्ट दिसायची: कशाचं वजन कुठं आहे. "मागं जड झालं का खोली शेपूट हलवती," म्हणायचे. निघण्याआधी तांदळाचे डबे, पिंप, पेटी, सगळं स्वतः पुढच्या अंगाला सरकवायचे. "वजन पुढं, वयनी!" एकदा हळदीच्या पंगतीत आमचे लठ्ठ मुकादम अगदी शेवटी बसले, तर भाऊंनी त्यांना हाताला धरून उठवलं.

"तुमी पुढं बसा. पंगत हलंल."

"पंगतीला काय चाकं हायेत का रे?"

"नसू देत. सवय चांगली."

पुढं आधी वाढतात हे ध्यानात आल्यावर मुकादम मुकाट्याने पुढं जाऊन बसले.

मला मात्र प्रत्येक मुक्काम हलताना धडकी भरायची. त्या खोलीबाहेर माझं काहीच नव्हतं. पिकअपमध्ये बसून मी सारखी आरशात बघायची. "भाऊ, हलतंय का?"

"तुमचा जीव हलतोय, वयनी. खोली सरळ हाय."

एकदा जेवताना मी सहज बोलून गेले, की इथलं विकतचं पीठ जुनं, भाकरीला चिरा जातात; आमच्या घरी जातं होतं. भाऊ "हं" म्हणाले आणि आणखी भात घेतला.

पुढच्या खेपेला आम्ही वैशाखऱ्याहून शहापूरकडे निघालो. नवरा आणि बाकीचे गडी टेम्पोने पुढे गेलेले. उतारावर आरशात खोली डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत डावीकडे, आणखी लांब.

"भाऊ, ब्रेक मारा!"

"नाय मारायचा. मारला का ती आपल्याच अंगावर येती."

त्यांनी स्टेअरिंग सरळ धरलं, रेस सोडली आणि ते दात आवळून बसले. हळूहळू वेग उतरला, तशी खोलीही शांत झाली. गाडी कडेला लागली.

एरवी भाऊ आधी उतरून मागं कोणी काय ठेवलं ते शोधायचे आणि शिव्या घालायचे. आज कान खाजवत उभे राहिले. मीच मागच्या फळीखाली बघितलं. विटक्या लुगड्यात गुंडाळलेल्या जात्याच्या दोन दगडी तळ्या!

"हे कोणी ठेवलं?"

"कोन ठेवनार? आमीच." भाऊ मान खाली घालून म्हणाले. "पुढं ठेवलं तर तुमी बघितलं असतं. शहापूरला पोचल्यावर द्यायचं व्हतं."

"पण कुणाचं हे?"

"आमच्या हिचं. ती गेली, तवापासून फिरवायला कोन नाय. घरघर आयकू आली नाय का सकाळ झाल्यासारखी वाटत नाय, वयनी."

मग त्यांनी एकेक तळी छातीशी धरून पुढं नेली. "वजन पुढं," असं स्वतःलाच म्हणाले.

शहापुरात पहिल्या सकाळी मी ज्वारी दळायला बसले. बाहेर भाऊ पिकअप पुसत होते. घरघर थांबेपर्यंत एकच काच पुसत होते.

कधीतरी माझं बीडला न हलणारं घर होईल. तेव्हा भाऊंना नेईन. पहाटे याच जात्याच्या आवाजाने त्यांना जागं करीन, आणि पंगतीत सगळ्यात पुढं बसवीन.