डोन एलादिओंची शेवटची पेटी

"नख गेलंय, बोट नाही," डोन एलादिओ म्हणाले.

"आज नख गेलं," अंगठ्याला पट्टी गुंडाळत डोन्या फिदेलिना म्हणाल्या. "पुढच्या खेपेला बोट जाईल, मग हात. मग तुम्हाला आंघोळ कोण घालणार? मीच ना!"

"फळी ओली होती. करवत घसरली."

"करवत नाही घसरली. हात हलला. मी खिडकीतून बघत होते."

बस चालवण्यातून निवृत्त झाल्यापासून डोन एलादिओ रोज सकाळची कॉफी घेऊन मागच्या पडवीत शिरत आणि जेवायला हाका मारून मारून फिदेलिनांचा घसा बसला की भुशानं माखून बाहेर येत. घरात माणसं दोनच, पण टेबलं इतकी की पाहुण्यांना वाट काढत आत यावं लागे. आणि हल्ली हल्ली त्यांचा उजवा हात त्यांना न विचारता हलायला लागला होता. कॉफीचा कप बशीवर ठेवताना तो असा काही वाजायचा की मांजर उठून बसायचं.

बरीच वादावादी होऊन तह झाला. विजेवर चालणारी मोठी करवत जाणार. ती अलाहुएलाला लेकीकडे, योर्लेनीकडे, जावई घेऊन जाईल. बाकीची मोठी यंत्रंही जातील. हातानं चालवायची अवजारं राहतील, पण एका पेटीत मावतील तेवढीच. ती पेटी डोन एलादिओंनी स्वतः करायची आणि त्यानंतर मोठं काम बंद.

"मान्य," डोन एलादिओ म्हणाले. "पण एक अट. गावात बोलायचं नाही."

"काय बोलायचं नाही?"

"हाताचं."

फिदेलिनांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. या माणसानं उभा जन्म घाटातली बस चालवली होती. धुक्यात समोरची गायही दिसत नसायची, तेव्हा बायका पोरांना सांगायच्या, "एलादिओचा हात आहे रे, झोपा निवांत." त्या हाताबद्दल आता गावानं चुकचुकावं, हे त्यांनाही बघवलं नसतं.

जावई पिकअप घेऊन आला. करवतीबरोबर फिदेलिनाही थोडे दिवस लेकीकडे राहायला गेल्या. पिकअप वळणाआड जाईपर्यंत डोन एलादिओ फाटकात उभे राहिले. बायको परत येणार होती, करवत येणार नव्हती, त्यामुळे डोळ्यांत पाणी नक्की कुणासाठी आलं हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. मग टोपी घालून ते लाकडाच्या वखारीत गेले.

"बाउदिलिओ, चांगल्या सेद्रोच्या फळ्या काढ," ते म्हणाले. "कीड लागणार नाही अशा. पेटी करतोय."

आता त्या गावात नुसतं 'पेटी' म्हटलं की एकच पेटी. कपड्यांची असेल तर ते कपाट, पैशांची असेल तर तो गल्ला, आणि पेटी म्हणजे जिच्यात माणूस आडवा होतो ती. हे डोन एलादिओंना जन्मापासून माहीत होतं. पण ज्याच्या डोक्यात पटाश्या आणि रंधे असतात त्याला पेटी म्हटल्यावर पटाश्या आणि रंधेच दिसतात.

वखारवाला बाउदिलिओ खालच्या आवाजात म्हणाला, "कुणासाठी, डोन एलादिओ?"

"कुणासाठी काय? माझ्यासाठी. ही शेवटचीच. मोठं काही आता होणं नाही."

"अरे देवा. डोन्या फिदेलिनांना माहीत आहे?"

"तिनंच सांगितलं कर म्हणून. फार दिवसांपासून मागे लागली होती."

बाउदिलिओनं कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "लांबी किती धरू?"

डोन एलादिओंनी जमिनीपासून बरगडीपर्यंत हात नेला. "एवढी पुरे."

"एवढीच? मावेल का?"

"सगळं कुठलं मावायला! काही पोरीला देऊन टाकलंय. आणखी काही काढून इथल्याच गरजूंना देईन. उरलंसुरलं दाबून बसवायचं. शेवटी आपल्याबरोबर किती ठेवायचं, सांग?"

बाउदिलिओनं छातीवर क्रूस काढला आणि वखारीतल्या सगळ्यात उत्तम फळ्या स्वतःच्या खांद्यावरून डोन एलादिओंच्या घरी पोचवल्या. परत जाताना तो वाटेतल्या प्रत्येक घरापाशी जरा जरा थांबत गेला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या डोन्या सोराइदा केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या तामालांचं भलं मोठं पातेलं घेऊन आल्या. डोन एलादिओंच्या पट्टीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, थेट डोळ्यांत पाहिलं.

"खा. डुकराचं मांस भरपूर घातलंय. आता कसलं पथ्य आणि कसलं काय."

डोन एलादिओंना वाटलं, अंगठ्याची बातमी फुटली वाटतं. करवत पिकअपवर चढताना कुणीतरी पाहिली असणार. झाकून उपयोग नव्हता.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," ते म्हणाले.

"गाव हळहळतंय. फार दुखतं का हो?"

"पहिल्या दिवशी दुखलं. मग सवय झाली. वय झालं की एक दिवस हे सगळं सोडायचंच असतं, सोराइदा. मी म्हणतो, धडधाकट आहोत तोवर आपणच सोडावं. कुणी ओढून न्यायची वाट कशाला बघा?"

"काय धीराचं बोलता!" सोराइदांनी पदर नव्हता म्हणून ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "आणि डोन्या फिदेलिना अशा वेळी लेकीकडे?"

"ती नाही तेच बरं. कापताना तिच्यानं बघवत नाही."

सोराइदा एक हुंदका देऊन पातेलं तिथंच ठेवून पळाल्या.

त्यानंतर तांदळाची खीर आली, गुळाच्या पाण्याचा थर्मास आला, कुणीतरी चक्क जिवंत कोंबडी आणून दिली. रस्त्यात माणसं टोप्या काढायला लागली. डोन एलादिओ चकित झाले. एका नखासाठी गाव एवढं करतं! उगाच लपवलं आपण, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं आणि पेटीच्या फळ्यांवर रंधा मारताना ते शिट्टी वाजवायला लागले.

मग उलाते आला. उलातेलाही लाकूडकामाचा नाद, आणि दोघांचं बोलणं बंद पडलेलं होतं, कारण डोन एलादिओंचा चांगला रंधा उलातेनं नेला होता आणि तो स्वतःचाच समजून बसला होता. तो रंधा आता त्यानं धुतल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. डावा हात नेहमीसारखा ऐटीत खिशात होता.

"घे तुझा," उलाते म्हणाला, आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला माफ कर, एलादिओ. मी हलकट आहे."

"ते मला आधीपासून माहीत आहे. पण आजच का आठवलं?"

उलातेनं अर्धवट झालेल्या पेटीवरून मायेनं हात फिरवला, "सुंदर सांधलंयस रे, आत भुंगासुद्धा जाणार नाही," असं म्हणाला आणि नाक शिंकरत निघून गेला.

तरीही डोन एलादिओंना उलगडा झाला नाही. तो झाला वाल्तेरमुळे. वाल्तेरची गाडी म्हणजे टपावर भोंगा बांधलेली जुनी जीप. सकाळी तो तिच्यावरून टोमॅटो विकायचा आणि दुपारी गावात कोण वारलं ते सांगत फिरायचा. तो फाटकातून टोपी हातात धरून आत आला.

"डोन एलादिओ, राग मानू नका. घाईच्या वेळी घरच्यांना सुचत नाही, म्हणून आधीच विचारतो. नाव कसं घेऊ? नुसतं एलादिओ सुंबादो, की बसवाले एलादिओ सुंबादो?"

"नाव? कशात?"

"त्यात," वाल्तेर म्हणाला आणि त्यानं वर, आभाळाकडे, बोट केलं.

डोन एलादिओंनी वर पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं, मग सेद्रोच्या पेटीकडे पाहिलं. वखारीत बोललेला एकेक शब्द त्यांच्या कानात परत वाजला.

"अरे गाढवा, मी..." एवढं बोलून ते थांबले.

मी मरत नाहीये, ही अवजारांची पेटी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण वाल्तेर विचारणार, मग मोठी करवत का दिली? त्यावर काय सांगायचं? डोन एलादिओंनी मनातल्या मनात दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या. मरायला टेकलेल्या माणसासाठी लोक टोपी काढतात. हात थरथरणाऱ्या माणसाच्या हातातून हळूच कप काढून घेतात, 'द्या, मी धरतो' म्हणतात आणि नातवंडांना त्याच्याजवळ जाऊ नका म्हणून खुणावतात.

"बसवाले म्हण," ते शेवटी म्हणाले. "पण घाई नाही. मी सांगेन."

फिदेलिना दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं परत आल्या. बसमध्ये त्या चढताच सगळे उठून उभे राहिले. ड्रायव्हरनं भाडं घेतलं नाही. शेजारच्या अनोळखी बाईनं त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "शेवटपर्यंत सुतारकाम करतायत म्हणे. देव असा नवरा सगळ्यांना देवो."

त्या घरात शिरल्या तेव्हा हातातली पिशवी उंबऱ्यातच पडली आणि आंबे घरभर घरंगळले.

"तुम्ही मरताय," त्या म्हणाल्या, "आणि मला हे बसमधली बाई सांगते!"

"अगं, मी मरत नाहीये."

"मग ही कोंबडी कशाची?"

डोन एलादिओंनी सगळं सांगितलं. वखार, तामाल, उलाते, वाल्तेर. सांगता सांगता त्यांना हसू येत होतं, पण फिदेलिना हसल्या नाहीत.

"वाल्तेरला तिथंच खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर हाताचं सांगावं लागलं असतं."

फिदेलिना खुर्चीवर बसल्या. बसमधल्या प्रवासभर त्यांनी दाबून धरलेलं रडू आता फुटलं. "म्हणजे हात थरथरतो म्हणण्यापेक्षा मी विधवा झालेली परवडली तुम्हाला? घाटातल्या प्रत्येक वळणावर मी तुम्हाला पुरलं, एलादिओ. प्रत्येक वळणावर! म्हटलं, घरी पोचले की निदान तोंड बघायला मिळू दे."

डोन एलादिओंना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोला असं रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या खोट्या ताठ्यामुळे, हे त्यांना आत कुठेतरी टोचलं. ते गुडघ्यावर बसून घरंगळलेले आंबे गोळा करायला लागले. मग टोपी न घालताच बाहेर पडले आणि थेट वाल्तेरकडे गेले.

"सांग गावाला," ते म्हणाले. "सगळं सांग. हातासकट."

वाल्तेर भला माणूस, पण त्याला जाहीर करण्याचे दोनच प्रकार येत, टोमॅटोचा आणि मयताचा. टोमॅटोचा बरा दिसला नसता. त्यामुळे आधी भोंग्यातून मयताचं संथ संगीत निघालं. गावातली दारं उघडली, बायका उंबऱ्यात आल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. सोराइदा तर काळी शाल घेऊनच बाहेर आल्या. आणि वाल्तेरचा भरून आलेला आवाज घुमला:

"कळवण्यास अत्यंत दुःख होते, की बसवाले डोन एलादिओ सुंबादो हे जिवंत आहेत. त्यांचा फक्त उजवा हात थरथरतो. पेटी अवजारांची असून ती लहान आहे. नातेवाईक व मित्रमंडळींनी नोंद घ्यावी."

ही जीप गावातून तीन वेळा फिरली. डोन एलादिओ घरात उशीत तोंड खुपसून पडले होते. फिदेलिना मात्र खिडकी सताड उघडून उभ्या होत्या आणि प्रत्येक फेरीला त्यांचं हसू वाढत होतं.

"ऐकलंत का? 'अत्यंत दुःख होते' म्हणतोय!"

"खिडकी लाव."

"मुळीच नाही. कान तृप्त होईस्तोवर ऐकणार मी."

संध्याकाळी सोराइदा पातेलं मागायला आल्या. त्या जरा नाराजच होत्या, कारण शाल खास धुवून घेतली होती. त्यांच्यामागून उलाते आला.

"तू मरत नाहीस ना?" तो म्हणाला. "मग रंधा परत दे."

"बघितलंस, फिदेलिना? याला म्हणतात मित्र!"

उलाते गेला नाही. दारात उभा राहून त्यानं घसा खाकरला आणि खिशातला डावा हात बाहेर काढला. तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. "गावाला वाटतं मी ऐट करतो," तो म्हणाला. "खिसे फाटले रे माझे. दर महिन्याला बायको शिवते आणि विचारते, आत काय उंदीर ठेवलायस?"

डोन एलादिओ आधी त्या हाताकडे आणि मग उलातेकडे बघत राहिले. "उजवा बरा आहे?"

"उजवा दगड आहे."

"माझा डावा," डोन एलादिओ म्हणाले आणि सरकून त्यांनी बाकावर जागा केली.

त्या दिवसापासून पडवीत दोघं मिळून काम करायला लागले. एक धरणार, दुसरा कापणार, आणि भांडणार मात्र दोघंही. एका छोट्या स्टुलाला त्यांनी इतका वेळ घेतला की तेवढ्यात पूर्वी डोन एलादिओंनी जेवणाचं टेबल केलं असतं. ते तयार झालं तेव्हा दोघांनी ते ओसरीत आणून ठेवलं आणि फिदेलिनांना बोलावलं.

"बसून बघ."

फिदेलिना बसल्या. स्टूल जरा डावीकडे कललं. चष्मे नाकावर ओढून दोघं म्हातारे श्वास रोखून बघत होते. फिदेलिनांनी स्कर्टच्या घेरात हळूच पाय सरकवला, टाच फरशीवर घट्ट रोवली आणि स्टूल स्थिर झालं.

"हलतंय?" डोन एलादिओंनी विचारलं.

"छे!"

उलाते छाती काढून घरी गेला. उन्हं उतरली, कॉफी झाली, पोपटांचे थवे ओरडत परतले. फिदेलिना स्टुलावरून उठल्या नाहीत. डोन एलादिओ शेजारी आरामखुर्चीत होते. बऱ्याच वेळानं त्यांचं लक्ष बायकोच्या पोटरीकडे गेलं. ती ताठली होती.

"आत जाऊन गादीच्या खुर्चीत बस की. पाय अवघडेल."

"माझा पाय कशाला अवघडेल? एवढं चांगलं स्टूल सोडून मी आत बसू?"

डोन एलादिओंनी पायातली एक चप्पल काढली, खाली वाकले आणि स्टुलाच्या आखूड पायाखाली ती सरकवायला लागले. हात थरथरत होता, म्हणून जरा वेळ लागला. फिदेलिना समोरच्या डोंगराकडे बघत होत्या.

"आता सोड पाय," ते म्हणाले.

फिदेलिनांनी पाय सोडला.